रस्त्यावरच्या माणसांचे फोटो: काढण्याआधी, काढताना आणि टाकण्याआधी

फोटो काढणं, तो लोकांना दाखवणं आणि तो विकणं किंवा जाहिरातीत वापरणं ही तीन वेगळी कामं आहेत. पहिल्याला मुभा आहे म्हणून दुसऱ्याला असेलच असं नाही, आणि तिसऱ्याला तर जवळजवळ कधीच आपोआप नसते. फोटोवॉकला येणारे हौशी, रील बनवणारी मुलं, संस्थेच्या अहवालासाठी कॅमेरा घेऊन गावात जाणारे कार्यकर्ते, लग्नाचे फोटोग्राफर हे सगळे नेमके इथे अडकतात. वाद झाला की एक म्हणतो, "सार्वजनिक जागा आहे, मी काहीही काढीन." दुसरा म्हणतो, "न विचारता काढलास, आता केस करतो." दोघांचंही अर्धंच बरोबर असतं.

पुढचा क्रम बाजार, वारी, विसर्जन, लोकलचे प्लॅटफॉर्म अशा ठिकाणी माणसांचे फोटो काढणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्या मागेपुढे करू नका. फोटो आधी टाकायचा आणि परवानगीचा विचार मग करायचा, या उलट्या क्रमातूनच बहुतेक भांडणं उभी राहतात.

१. कायद्याची चौकट आधी डोक्यात बसवा

सार्वजनिक ठिकाणी दिसणाऱ्या माणसाचा फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा भारतात नाही. त्यामुळे "विचारल्याशिवाय काढला" एवढ्यावरून गुन्हा होत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हेच सांगितलं. स्त्री जिथे खासगीपणाची अपेक्षा ठेवत नाही अशा ठिकाणी, कोणतीही खासगी क्रिया चालू नसताना तिचा फोटो काढला, तर चोरून पाहण्याचं कलम लागत नाही.

एवढं वाचून थांबू नका. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालचा मूलभूत हक्क ठरवला. सार्वजनिक जागी आला म्हणून माणूस आपला खासगीपणा गमावत नाही, हेही त्या निकालात आहे. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध बजावायचा असतो. नागरिका-नागरिकांमधला मामला फौजदारी कलमांवर आणि दिवाणी दाव्यावर चालतो. त्यातली ही कलमं फोटो काढणाऱ्याला माहीत हवीतच:

- भारतीय न्याय संहितेचं कलम ७७, म्हणजे वर आलेलं चोरून पाहण्याचं कलम. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. खासगीपणाची अपेक्षा असलेल्या जागी स्त्रीची खासगी क्रिया पाहणं, टिपणं किंवा पसरवणं हा गुन्हा. पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं, पुन्हा केल्यास ३ ते ७ वर्षं कैद. स्त्रीने फोटो काढायला संमती दिली, पण पसरवायला दिली नाही, तर पसरवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरतो.
- माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई. कोणाच्याही, म्हणजे पुरुषाच्यासुद्धा, शरीराच्या खासगी भागाचा फोटो संमतीशिवाय काढणं, छापणं किंवा पाठवणं. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माणूस सार्वजनिक जागी होता, ही सबब या कलमात चालत नाही.
- न्याय संहितेची कलमं ७८ आणि ७९. स्पष्ट नकारानंतरही स्त्रीचा पाठलाग करून बोलायला लावणं आणि तिचा विनयभंग करण्याच्या हेतूने तिच्या खासगीपणात घुसणं. एकाच मुलीच्या मागे लेन्स घेऊन फिरणाऱ्याने ही दोन्ही वाचावीत.
- लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करण्यावर कलम ७२ ची बंदी. मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) कलम २३ आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४. त्यात चेहराच नव्हे, तर शाळा, घर, गल्ली, नातेवाईक यांवरून ओळख पटेल असं काहीही मोडतं.

*तपासा:* आपण नेमकं कोणतं काम करणार आहोत? काढणार, दाखवणार की विकणार? उत्तर घरीच ठरवा. नुसतं "बघू नंतर" म्हणून निघालात तर संमती मागताना काय सांगायचं हेच कळत नाही.

२. निघण्याआधीची तयारी

फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. ते चालू राहिलं तर फोटोच्या आत अक्षांश-रेखांश नोंदले जातात आणि फोटो जाईल तिथे ती नोंदही जाते. फोटो आपोआप क्लाउडवर चढत असतील, तर त्या दिवसापुरतं तेही थांबवा. कोणी समोर उभं राहून "पुसा" म्हणालं आणि तुम्ही पुसलंत, तरी प्रत क्लाउडवर राहिली तर तुमचा शब्द खोटा पडतो. फोनच्या 'नुकतेच हटवलेले' फोल्डरचंही तसंच. पुसायचा तर तिथूनही पुसा.

खिशात दोन गोष्टी ठेवा. पहिली, आपलं नाव आणि फोन नंबर असलेलं साधं कार्ड. ज्याचा फोटो काढता त्याला तुम्हाला गाठता आलं पाहिजे. दुसरी, मराठीत छापलेले संमतीपत्राचे चार-पाच कागद आणि शाईचं पॅड. नमुना सातव्या पायरीत दिला आहे.

जायची जागा कोणाच्या ताब्यात आहे आणि त्या दिवशी पोलिसांचा काही विशेष आदेश आहे का, ते पाहा. विसर्जन, मोठ्या सभा, अतिमहत्त्वाच्या व्यक्तींचे दौरे अशा वेळी ड्रोनवर बंदीचे आदेश निघतात. ड्रोन उडवायचाच असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघून हिरव्या (मोकळ्या), पिवळ्या (परवानगी लागणाऱ्या) आणि लाल (मनाईच्या) पट्ट्यांची खात्री करा. इथे एक सरळ गोष्ट. माणसांच्या अंगणावरून आणि गच्चीवरून ड्रोन नेऊन त्यांचं चित्रण करणं हे रस्त्यावरचं छायाचित्रण नव्हे. खाली उभ्या माणसाला तुम्ही दिसत नाही, तो तुम्हाला थांबवू शकत नाही. वारीचं विहंगम दृश्य कितीही देखणं असलं तरी मुक्कामाच्या तंबूंवर ड्रोन खाली आणू नका.

३. जागा खरंच सार्वजनिक आहे का, ते ओळखा

रस्ता, चौक, घाट, मैदान, आठवडी बाजार या सार्वजनिक जागा. मॉल, हॉटेल, मंगल कार्यालय, हाउसिंग सोसायटीचं आवार, कंपनीचं गेट या जागा लोकांसाठी उघड्या असल्या तरी मालकी खासगी असते. मालकाने "फोटो नको" म्हटलं की थांबायचं. न थांबता रेंगाळलात तर बेकायदा प्रवेशाचा मुद्दा उभा राहू शकतो. मंदिराच्या ट्रस्टने मनाईची पाटी लावली असेल, तर तीही तशीच पाळायची.

काही जागा सार्वजनिक असूनही माणसाला तिथे आडोसा मिळालेला असतो. बदलण्याच्या खोल्या, स्वच्छतागृहाचं दार, लेडीज डब्याची खिडकी, दवाखान्याचं बाकडं, व्यसनमुक्ती केंद्राचा दरवाजा, कुटुंब न्यायालयाची ओसरी. तिथे बसलेला माणूस दिसतो, पण त्याचं तिथे असणं हीच त्याची खासगी बाब आहे. नुसता चेहरा आणि मागची पाटी एकत्र आली की ती बाब जगजाहीर होते.

लष्करी ठाणी आणि सरकारने निषिद्ध म्हणून जाहीर केलेल्या जागा यांना १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागतो. तिथे कॅमेरा बाहेरच काढू नका. पोलीस ठाण्याबद्दल मात्र गैरसमज आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये, वर्ध्याच्या एका प्रकरणात, पोलीस ठाणं हे या कायद्याखालचं निषिद्ध ठिकाण नाही असं ठरवून ठाण्यात चित्रण केलेल्या माणसावरचा गुन्हा रद्द केला. याचा अर्थ ठाण्यात तक्रार द्यायला आलेल्या बाईचं चित्रण करायला परवाना मिळाला असा नाही. तिथे पहिल्या पायरीतलं कलम ७२ आठवा.

सावधान: घाटावरच्या आणि वारीतल्या आंघोळी. पहाटे टँकरखाली, नदीकाठी, शेतातल्या पंपावर बायका आंघोळ करतात, ओले कपडे बदलतात. उघड्यावर करतात कारण दुसरी सोय नसते. ती हौस नाही, अडचण आहे. कलम ६६ई अशा वेळी सरळ लागू शकतं. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात आंघोळ करणाऱ्या स्त्रियांची चित्रफीत टाकणाऱ्या समाजमाध्यम खात्यांवर उत्तर प्रदेश पोलिसांनी गुन्हे नोंदवले. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ समोर आहे. घाटाचा फोटो हवा तर लांबून, वाइड, चेहरे-अंगं ओळखू येणार नाहीत असा घ्या. झूम लेन्स पिशवीतच राहू द्या.

४. फ्रेममधला माणूस कोण आहे, ते पाहा

गर्दी आणि गर्दीतला माणूस यात फरक करा. दिवे घाट चढणारी पालखी, लालबागची रांग, दादरच्या पुलावरची संध्याकाळ, इथे विषय प्रसंग असतो. चेहरे येतात-जातात, प्रत्येकाला विचारणं शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. पण त्याच गर्दीतून एका आजीचा चेहरा लांब लेन्सने उचलला की विषय ती आजी झाली. आता विचारायचं.

ओळखण्याची एक साधी कसोटी. फोटोतून हा एक माणूस पुसून टाकला तर फोटो उरतो का? उरत असेल तर तो गर्दीचा भाग आहे. उरत नसेल तर तो विषय आहे.

मग काही माणसं अशी असतात की त्यांना विचारून मिळालेलं "हो" सुद्धा पुरेसं नसतं. अपघातात जखमी झालेला माणूस, नशेत असलेला, मनाचा तोल गेलेला, नुकतंच कोणीतरी गमावलेली बाई. संमती द्यायला डोकं ठिकाणावर आणि मन शांत लागतं. त्यांचं त्या क्षणी नसतं. अपघाताच्या ठिकाणी आधी १०८ ला फोन, मग वाहतूक बाजूला करायला मदत. वार्तांकन तुमचं काम नसेल तर कॅमेरा बंद.

झोपलेल्या माणसाचे फोटो तर स्ट्रीट फोटोग्राफीत हमखास दिसतात. हमाल, रिक्षावाले, फुटपाथवर झोपलेली कुटुंबं. मला ते घ्यावेसे वाटत नाहीत. फुटपाथ हेच ज्यांचं घर आहे त्यांच्यासाठी सार्वजनिक-खासगी ही विभागणीच लागू पडत नाही. फुटपाथवर पाठ टेकलेल्या माणसाचं ते शयनघर आहे, एवढं मानून वागा.

मुलं. अठरा वर्षांखालच्या मुलाची संमती कायद्याने धरली जात नाही, आई-वडील किंवा पालकांची लागते. "काका माझा काढा" म्हणून पोरं गोळा होतात. काढून त्यांना दाखवा, मजा करा, पण तो फोटो कुठेही टाकायचा असेल तर घरच्यांना भेटल्याशिवाय नाही. शाळेच्या आवारात मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. मुख्याध्यापकांनी दिलेली परवानगी आवारात चित्रण करण्याची असते. ती पालकांच्या संमतीची जागा घेत नाही. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला, दप्तरावरचं नाव, व्हॅनचा नंबर यांवरून मूल शोधता येतं.

अनोळखी गावात आधी मुलांकडे जाऊच नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी असल्याच्या अफवेतून जमावाने भिक्षुकी करणाऱ्या पाच जणांचा जीव घेतला. आधी सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी ताई किंवा पारावर बसलेली वडीलधारी मंडळी. नाव-गाव सांगा, कशासाठी आलात ते सांगा, मग कॅमेरा.

५. विचारायचं कसं

विचारणं म्हणजे अर्ज करणं नव्हे. कॅमेरा छातीपाशी खाली धरा, डोळ्यांत बघा, आधी दोन शब्द कामाबद्दल बोला. भाजीवाल्या मावशींशी भाजीबद्दल, कोळणीशी आजच्या मासळीबद्दल. गिऱ्हाईक उभं असेल तर थांबा, धंद्याच्या वेळी कोणालाच फोटो सुचत नाही. मग सरळ, "मावशी, तुमचा एक फोटो काढू का?" वारीत "माउली, एक फोटो घेऊ का?" एवढं पुरतं. पुढे कुठे वापरणार तेही त्याच दमात सांगा. "माझ्याकडे ठेवणार आहे", "इन्स्टाग्रामवर टाकणार आहे, तिथे कोणीही बघू शकतं", "मासिकाला देणार आहे". फेसबुक-इन्स्टाग्राम माहीत नसेल त्यांना "मोबाइलवर सगळ्या लोकांना दिसेल" असं सांगा. हा सांगायचा भाग बहुतेक जण गाळतात, आणि नंतरचं भांडण त्याच गाळलेल्या वाक्याचं असतं.

आधी विचारलं की क्षण जातो, ही तक्रार खरी आहे. अशा वेळी आधी काढा आणि लगेच जाऊन दाखवा. स्क्रीन त्यांच्याकडे वळवा. आवडला तर पाठवायला नंबर मागा आणि खरंच पाठवा. "पाठवतो" म्हणून न पाठवणाऱ्यांमुळे पुढच्या फोटोग्राफरला दारातूनच परत जावं लागतं. नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसा. कायद्याने ते बंधनकारक नसलं तरी पुसा.

नकार पुष्कळदा शब्दांत येत नाही. पदर तोंडावर जातो, मान फिरते, हात आडवा येतो, हसू थांबतं. हा नकारच आहे. याउलट नजरेला नजर देऊन कोणी मान हलवली, केस नीट केले, तर तो होकार. पण फक्त फोटो काढण्यापुरता.

घरातल्या बाईचा फोटो काढायला नवऱ्याने "काढा की" म्हटलं, तर तो तिचा होकार नाही. तिलाच विचारा. मालकाने कामगारांच्या वतीने, शिक्षकांनी पालकांच्या वतीने, संस्थेच्या कार्यकर्त्याने वस्तीच्या वतीने दिलेली परवानगी हा त्याच जातीचा प्रकार. मदत वाटपाच्या रांगेत तर जास्तच जपा. धान्याची पिशवी हातात घेताना कोणालाही नाही म्हणता येत नाही. आधी पिशवी द्या, माणूस बाजूला जाऊ द्या, मग विचारा.

पैसे मागितले तर? वासुदेव, पोतराज, बहुरूपी ही लोकांसमोर कला दाखवून पोट भरणारी माणसं आहेत, त्यांना मोबदला देणं रास्त आहे. लहान मुलांच्या हातावर मात्र फोटोसाठी नोटा ठेवू नका.

*तपासा:* त्या माणसाला तीन गोष्टी कळल्या का? फोटो काढला, कुठे दिसेल, आणि नको वाटलं तर तुम्हाला कसं गाठायचं. तिसरीसाठी कार्ड द्या.

६. कोणी अडवलं तर

आवाज चढवू नका आणि कलमं ऐकवू नका. "सार्वजनिक जागा आहे" हे वाक्य बरोबर असेल, पण भांडण पेटवायला तेच पुरतं. काय काढलं ते दाखवा, आक्षेप असलेला फोटो पुसा, निघा.

कोणत्याही खासगी माणसाला तुमचा फोन हिसकावण्याचा किंवा कॅमेरा फोडण्याचा अधिकार नाही. गर्दी जमायला लागली तर हक्काची चर्चा तिथे करू नका. उजेडात, दुकानाजवळ या आणि ११२ लावा.

पोलिसांनी विचारलं तर नाव आणि काम सांगा, ओळखपत्र दाखवा. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असलेली वस्तू जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली आहे. पण जप्तीची नोंद व्हायला हवी. कॅमेरा घेतला तर पंचनाम्याची प्रत शांतपणे मागा. आणि ज्या प्रकरणात तक्रार झाली आहे त्यातला फोटो घाबरून स्वतःच पुसू नका. तो पुरावा असतो, तुमच्या बाजूचाही.

७. घरी आल्यावर: निवड, मथळा, मग प्रसिद्धी

काढल्या काढल्या टाकू नका. निदान एक रात्र जाऊ द्या. मग प्रत्येक फोटोला हे विचारा: हा माणूस उद्या सकाळी गावातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर असा दिसला, तर त्याला तोंड लपवावं लागेल का? उत्तर "कदाचित" असलं तरी फोटो बाजूला.

आता तांत्रिक सफाई. लोकेशनची माहिती काढून टाका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती बहुधा गळते, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच जाते. चेहरा झाकायचा असेल तर गच्च एकरंगी पट्टी टाका किंवा तो भाग कापा. फोनमधल्या हायलायटरने गिरवलेला चेहरा उजळपणा वाढवला की पुन्हा दिसतो. चेहरा झाकून काम संपत नाही. गोंदण, दारावरची पाटी, गाडीचा नंबर, आरशातलं किंवा चष्म्यातलं प्रतिबिंब, भिंतीवरचा कौटुंबिक फोटो हे सगळं बघा. पॉक्सोखालच्या किंवा अत्याचाराच्या प्रकरणाशी संबंध असेल तर झाकूनही टाकू नका.

मथळ्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथूनच होतं. दारूच्या दुकानाजवळ डोळे मिटून बसलेला माणूस थकलेला असेल, त्याला साखर कमी झाल्याचा त्रास असेल. खाली "व्यसनाच्या विळख्यात" लिहिलंत तर न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा मामला होऊ शकतो. बेरोजगारी, एड्स, देहविक्री, बालविवाह अशा लेखांना "प्रातिनिधिक" म्हणून बाजारातल्या कुठल्यातरी मुलीचा फोटो लावण्याची सवय तर ताबडतोब सोडा. जे दिसतं तेवढंच लिहा: जागा, वेळ, काम. जे दिसत नाही ते त्या माणसाने सांगितलं असेल आणि छापायला हो म्हटलं असेल तरच.

विक्री, जाहिरात आणि स्टॉक साइट

इथे लेखी संमतीशिवाय पाऊल टाकू नका. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेलं एक प्रकरण प्रत्येक छायाचित्रकाराने लक्षात ठेवावं. महाराष्ट्रातल्या एका खेड्यातल्या बाईचा फोटो ओळखीच्या छायाचित्रकाराने काढला आणि आंतरराष्ट्रीय स्टॉक साइटवर, म्हणजे कोणीही फोटो विकत घेऊन वापरू शकेल अशा संकेतस्थळावर, चढवला. तिथून तो वेगवेगळ्या राज्य सरकारांच्या, केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्या आणि एका राजकीय पक्षाच्या जाहिरातींमध्ये पोहोचला. तिला कशाचीच कल्पना नव्हती. न्यायालयाने प्रथमदर्शनी याला व्यावसायिक शोषण म्हटलं आणि संबंधितांना उत्तर द्यायला सांगितलं. काढणं, दाखवणं, विकणं या तिन्ही पायऱ्या एकाच फोटोत घसरलेल्या या प्रकरणात दिसतात.

"फोटो माझा आहे, कॉपीराइट माझा आहे" हे उत्तर पुरत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने छायाचित्रकाराला चित्राची मालकी दिली आहे. चित्रातल्या माणसाचा चेहरा जाहिरातीत वापरायचा हक्क त्यात येत नाही. शिवाय पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. लग्नाच्या फोटोग्राफरांनी हे पुन्हा वाचावं. नवरीचे, हळदीचे फोटो स्वतःच्या पेजवर नमुना म्हणून टाकायचे असतील, तर बुकिंगच्या वेळीच त्याचं स्वतंत्र कलम करून सही घ्या. लग्न झाल्यावर व्हॉट्सॲपवर विचारणं उशिराचं असतं.

संमतीपत्र असं लिहिता येईल:

"मी, (नाव), वय (…), राहणार (…), माझा दि. (…) रोजी (…) येथे काढलेला फोटो (छायाचित्रकाराचे नाव, फोन) यांना फक्त पुढील कामांसाठी वापरू देत आहे: प्रदर्शन / मासिक / समाजमाध्यमे / जाहिरात / स्टॉक साइटवर विक्री (नको असलेले खोडावे). मुदत: (…) वर्षे. मोबदला: (…) रुपये, मिळाला. फोटोसोबत माझे नाव द्यावे / देऊ नये. राजकीय प्रचार, औषधे, आजार, मद्य-तंबाखू यांच्या जाहिरातीत वापरू नये. हा मजकूर मला वाचून दाखवला आहे. सही / अंगठा. साक्षीदाराची सही."

वाचून दाखवणं ही औपचारिकता मानू नका. अंगठा असेल तर साक्षीदार त्या माणसाच्या बाजूचा हवा, तुमच्या टीममधला नव्हे. संमतीपत्राची प्रत तिथेच द्या, निदान त्या माणसाच्या मोबाइलवर तिचा फोटो काढून. मुलांसाठी पालकाची सही. अल्पवयीनाने स्वतः केलेला करार भारतात रद्दबातल असतो.

संस्था, स्टुडिओ आणि कंपन्यांसाठी आणखी एक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात घरगुती, वैयक्तिक वापराला सूट आहे, तुमच्या अहवालाला आणि वेबसाइटला नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे, असं हा कायदा सांगतो. कोणाचा फोटो कोणत्या फोल्डरमध्ये आणि कोणत्या संमतीवर आहे, याची यादी आत्ताच करायला घ्या.

सावधान: परदेशात हे नियम घेऊन जाऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत संमतीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढणं हाच गुन्हा ठरू शकतो. जर्मनीत १९०७ च्या कायद्यानुसार माणसाचं चित्र प्रसिद्ध करायला त्याची संमती लागते, अपवाद मोजके. दुबईला नातेवाइकांकडे गेलात की मॉलमधले, समुद्रकिनाऱ्यावरचे रील जपून.

८. "तो फोटो काढून टाका" असा निरोप आला तर

वाद घालू नका, आधी फोटो खाली उतरवा, मग बोला. सगळ्या ठिकाणांहून उतरवा: पोस्ट, स्टोरीचे हायलाइट, मंडळाचा ग्रुप, स्टॉक साइट. कोणाला पाठवला होता त्यांनाही कळवा. छापील अंक निघून गेला असेल तर पुढच्या अंकात आणि ई-आवृत्तीत काय करता येईल ते सांगा. लेखी करारावर पैसे दिले-घेतले असतील आणि ग्राहकाने फोटो वापरला असेल, तर वकिलाशी बोलून उत्तर द्या. उत्तर मात्र द्याच.

आणि तुमचाच किंवा घरातल्या कोणाचा फोटो दुसऱ्याने टाकला असेल तर क्रम असा. प्रथम पोस्टचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ दिसली पाहिजे. टाकणाऱ्याला लगेच धमकावू नका, तो खातं बंद करून पसार होतो. मग त्या प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करा. नग्नता, खासगी अवयव किंवा चेहरा जोडून बनवलेलं बनावट चित्र असेल, तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ते हटवण्यासाठी प्लॅटफॉर्मला २४ तासांची मुदत घातली होती; २०२६ मध्ये ती २ तासांवर आली. त्याच वेळी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. हद्द आमची नाही, असं सांगून ठाण्याला परत पाठवता येत नाही. गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवायची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. मुलाचा फोटो असेल तर १०९८ वरही कळवा. प्लॅटफॉर्मचा तक्रार क्रमांक आणि पोलिसांकडून मिळालेली तक्रारीची पोच एकाच कागदावर लिहून ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न त्याचाच येतो.